लीबिगने पाप कबूल केलं होतं, पण कोणतं?

शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक ढकलपत्र वर्षानुवर्षं फिरतं आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने झाड जाळलं, राखेत नत्र (नायट्रोजन, एन), स्फुरद (फॉस्फरस, पी) आणि पालाश (पोटॅशियम, के) ही तीनच द्रव्यं सापडली आणि त्याने ‘एनपीके’चं खूळ काढलं. युरियाच्या कंपन्या त्यावर गब्बर झाल्या. शेणखताचा तर तो शत्रूच होता. म्हातारपणी त्याला उपरती झाली आणि ‘मी निर्मात्याविरुद्ध पाप केलं’ असं लिहून त्याने रासायनिक खतं नाकारली. ही कबुली नंतर ज्ञानकोशांतून गाळण्यात आली. आणि शेवटी तात्पर्य येतं: मातीत सगळं आहे, बाहेरून काही घालायची गरज नाही.

यातलं पापाचं वाक्य अस्सल आहे, लीबिगचंच आहे. म्हणूनच हा मजकूर इतका टिकला. निव्वळ थाप असती तर एव्हाना विरून गेली असती. पण त्या वाक्याच्या मागचं-पुढचं कापून टाकलं आहे आणि कापलेल्या जागी बरोबर उलटा अर्थ बसवला आहे. एकेक दावा घेऊन पाहू.

दावा: झाड जाळलं, राखेत एनपीके सापडलं

राखेत नत्र सापडत नाही. पाला, काड्या किंवा लाकूड मोकळ्या हवेत जाळलं की कार्बन कर्बवायू होऊन जातो, हायड्रोजन वाफ होऊन जातो आणि नत्रही वायुरूपाने निघून जातं. मागे उरतात ते पालाश, चुना, मॅग्नेशियम, स्फुरद, सिलिका, थोडं सोडियम आणि लोह, गंधकाचा काही भाग. चुलीची राख पिकाला घालतात ती पालाशासाठी आणि चुन्यासाठी. नत्रासाठी राख कोणी घालत नाही, कारण तिच्यात ते नसतंच. ‘राखेत एनपीके सापडलं’ हे वाक्य लिहिणाऱ्याने इतकं तपासलं असतं तरी पुरे होतं.

लीबिगच्या गीसनमधल्या प्रयोगशाळेत हा फरक रोजच्या कामाचा भाग होता. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांचं काचेचं एक छोटं उपकरण बनवलं. पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडबरोबर नळीत तापवायचा, निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडवायची, कर्बवायू त्या फुग्यांतल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि दोन्हींचं वाढलेलं वजन काट्यावर घ्यायचं. त्यावरून हायड्रोजन आणि कार्बन किती हे कळे. नत्र या पद्धतीने कळत नसे. त्यासाठी त्याच प्रयोगशाळेतल्या विल आणि फारेनट्राप यांनी १८४१ मध्ये वेगळी रीत बसवली: पदार्थ सोडा-लाइमबरोबर तापवायचा, निघालेला अमोनिया आम्लात पकडायचा आणि तो मोजायचा. राखेतले क्षार मोजणं हे तिसरं, निराळं काम. तिन्ही मोजमापं स्वतंत्र होती, त्यामुळे नत्र आणि राख यांची गल्लत तिथे होणं शक्यच नव्हतं.

आता ‘तीनच’ या शब्दाकडे वळू. लीबिगच्या १८४० च्या पुस्तकात आणि नंतरच्या आवृत्त्यांत पालाश, सोडा, चुना, मॅग्नेशिया, स्फुरदाम्ल, गंधकाम्ल, सिलिका, लोह या सगळ्यांची चर्चा आहे. पोत्यावर छापतात तो तीन आकड्यांचा हिशेब पुढच्या काळातल्या खत-व्यापाराचा आहे. लीबिगच्या नावावर असलेला किमान घटकाचा नियम तर तीनच द्रव्यांपुढे थांबण्याच्या थेट विरोधात जातो. त्या नियमानुसार जे द्रव्य गरजेच्या मानाने सगळ्यांत कमी आहे, ते उत्पन्न ठरवतं. जस्त कमी असेल तर युरियाची दुप्पट पोती ओतूनही पीक हलत नाही.

हा नियमही मुळात लीबिगचा नाही. कार्ल श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन कृषी-रसायनशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकातच, गोटिंगेनला असताना, तो मांडला होता. लीबिगने तो गाजवला आणि श्रेय देताना हात आखडता घेतला. जर्मनीतल्या कृषी-विश्लेषण संस्थांची संघटना आज जे पदक देते, त्यावर म्हणूनच श्प्रेंगेल आणि लीबिग अशी दोन्ही नावं आहेत. आणि सगळ्यांत आखूड फळीपर्यंतच पाणी राहणाऱ्या पिंपाचं जे चित्र प्रत्येक कृषिमेळाव्यात लीबिगचं म्हणून दाखवतात, तेही त्याचं नव्हे. डोबेनेक नावाच्या जर्मनाने ते १९०३ मध्ये, म्हणजे लीबिग जाऊन तीस वर्षं झाल्यावर वापरलं.

दावा: लीबिग हा युरियाचा आणि रासायनिक खतांच्या धंद्याचा जनक

युरिया प्रयोगशाळेत बनवला तो लीबिगचा मित्र फ्रीडरिश व्होलर याने, १८२८ मध्ये, आणि खताशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हवेतल्या नत्रापासून खतासाठी लागणारा अमोनिया बनवण्याचं फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाचं यश १९०९ चं, आणि कार्ल बॉशने उभारलेला ओपाऊचा कारखाना १९१३ चा. लीबिग १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये वारला. मधली चाळीस वर्षं ढकलपत्राने गिळली आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. लीबिग नत्रखत विकत घेण्याच्या विरोधात होता! १८४० नंतर थोड्याच वर्षांत त्याचं मत असं पक्कं झालं की पिकाला लागणारा अमोनिया हवेतून आणि पावसातून पुरेसा मिळतो. शेतकऱ्याने फक्त राखेतली खनिजं परत करावीत. यावरून इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे शेतीचे प्रयोग करणाऱ्या लॉज आणि गिल्बर्ट या जोडीशी त्याचं भांडण जुंपलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. यात लीबिग चुकला होता. पुढे रॉथॅमस्टेडलाच कित्येक वर्षं पावसाचं पाणी गोळा करून मोजलं, तेव्हा वर्षाला हेक्टरी जेमतेम साडेचार किलो नत्र निघालं. गव्हाचं बरं पीक याच्या कितीतरी पट नत्र उचलतं. म्हणजे ज्याला युरियाचा बाप म्हणून शिव्या घालतात, त्याची सगळ्यांत मोठी शास्त्रीय चूक ‘नत्र विकत घ्यायची गरज नाही’ ही होती. हे आज कोणाच्या प्रचारात शोभून दिसेल, ते वाचकाने ठरवावं.

स्फुरदाच्या बाबतीत मात्र श्रेयाचा वाटा त्याला द्यावा लागतो. हाडांची भुकटी गंधकाम्लाने भिजवली की तिच्यातलं स्फुरद पाण्यात विरघळू लागतं, ही सूचना १८४० च्या पुस्तकात आहे. १८४२ मध्ये लॉजने अशाच विरघळणाऱ्या खताचं, सुपरफॉस्फेटचं, पेटंट घेतलं आणि धंदा उभा केला. पेरूहून येणारा ग्वानो (समुद्रपक्ष्यांची विष्ठा) आणि चिलीचा सोरा (खनिज नायट्रेट) हा व्यापार लीबिगच्या परवानगीसाठी थांबलेला नव्हता.

दावा: ‘मी निर्मात्याविरुद्ध पाप केलं’ असं म्हणून त्याने रासायनिक खतं नाकारली

इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा मजकूर याच वाक्यावर उभा आहे.

वाक्य आहे त्याच्याच कृषी-रसायनाच्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत, १८६२ सालच्या, प्रास्ताविक भागात. मराठीत ते साधारण असं येईल: ‘निर्मात्याच्या शहाणपणाविरुद्ध मी पाप केलं आणि त्याची रास्त शिक्षा मला मिळाली. त्याची करणी मला सुधारायची होती. माझ्या आंधळेपणात मला वाटलं की पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं जीवन बांधून आणि सदा ताजं ठेवणाऱ्या नियमांच्या अद्भुत साखळीत एक कडी राहून गेली आहे, आणि ती मी, या दुबळ्या, असहाय किड्याने, बसवून दिली पाहिजे.’

ढकलपत्र इथे कात्री लावतं. राहून गेलेली कडी कोणती, हे लीबिग त्याच ओघात सांगतो. पालाशासारखे क्षार अविद्राव्य करून ठेवले पाहिजेत, नाहीतर पाऊस ते वाहून नेईल, अशी त्याने समजूत करून घेतली होती. त्यांचं द्रावण मातीला लागताच माती ते धरून ठेवते, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. पाप ते एवढंच.

या समजुतीपायी काय घडलं होतं ते पाहू. १८४५ मध्ये लिव्हरपूलच्या मस्प्रॅट या रसायन-कारखानदारामार्फत लीबिगचं ‘पेटंट खत’ बाजारात आलं. प्रत्येक पिकाच्या राखेच्या पृथक्करणानुसार गव्हाला वेगळं, सलगमला वेगळं. कल्पना तर्कशुद्ध होती. पण पालाश आणि सोडा पावसात धुऊन जाऊ नये म्हणून त्यांचे कार्बोनेट चुनखडीबरोबर भट्टीत वितळवले, त्यात फॉस्फेटं घातली आणि थंड झालेला दगड दळला. हाती आली ती पाण्यात मोठ्या मुश्किलीने विरघळणारी भुकटी. मुळांना जे द्रावणातून घ्यायचं असतं, तेच द्रावणात येऊ नये अशी तजवीज करून ठेवली होती. त्यात नत्र जवळजवळ नव्हतंच, कारण ते हवेतून मिळेल हे गृहीत. भर म्हणजे इंग्लंडच्या बऱ्याच चिकण जमिनींत पालाशाचा तुटवडा नव्हता. खत साफ पडलं.

माती धरून ठेवते हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही. १८३६ मध्ये योहान फिलिप ब्रोनर या द्राक्षशेतीतल्या जाणकाराने लिहून ठेवलं होतं की बुडाला भोक पाडलेल्या बाटलीत बागेतली बारीक माती भरा आणि वरून शेणा-मुताचं घट्ट पाणी हळूहळू ओता. खालून येणारं पाणी जवळजवळ बिनरंगी आणि बिनवासाचं असतं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १८५० मध्ये यॉर्कशरचा जमीनदार थॉम्पसन याने आणि रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. वे याने मातीच्या स्तंभावर अमोनियम सल्फेटचं द्रावण ओतलं. खाली अमोनिया आला नाही. आलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मातीने अमोनियम ठेवून घेतला आणि बदल्यात तितकाच चुना सोडला. पालाशाचंही तसंच. माती परीक्षण अहवालात आज ‘धन आयन विनिमय क्षमता’ म्हणतात ती हीच. लीबिगने आपलं पेटंट खत का फसलं याचं उत्तर या प्रयोगांत पाहिलं, स्वतः माती घेऊन तपासलं आणि १८६२ मध्ये ते कबूल केलं.

हा प्रयोग शाळेतही करता येतो, पण दोन ठिकाणी फसतो. पहिली अडचण आपल्या भारी काळ्या जमिनीची. ती ओली झाली की फुगते आणि बाटलीतून थेंब उतरत नाही. म्हणून चाळलेल्या कोरड्या मातीत निम्मी धुतलेली जाड वाळू मिसळा, बुडाला कापडाची चिंधी ठेवा, आधी साधं पाणी सोडून वाट मोकळी करा आणि मगच द्रावण ओता. दुसरी फसगत मीटरची. अनेकजण पाण्याचा टीडीएस मीटर लावतात, आत आणि बाहेर जवळपास सारखाच आकडा येतो आणि ‘मातीने काहीच धरलं नाही’ असा निष्कर्ष निघतो. मातीने पालाश घेऊन कॅल्शियम दिलं आहे. एकूण क्षार तितकेच राहणार, मीटर फरक कसा दाखवेल? वरून म्युरेट ऑफ पोटॅश या पालाश-खताचं सौम्य द्रावण ओतलं असेल, तर खालच्या पाण्यात अमोनियम ऑक्झलेटचे थेंब टाका. पांढरा गाळ बसला की चुना बाहेर पडल्याचं कळतं. साध्या पाण्याने धुतलेल्या मातीची तुलना शेजारी ठेवावी, कारण चुनखडीच्या जमिनीतून थोडा चुना तसाही येतो.

आणखी एक मर्यादा. माती धन भाराचे कण धरते: अमोनियम, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम. नायट्रेट धरत नाही. जोराच्या पावसात ते मुळांखाली उतरतं. स्फुरद अडकतं ते वेगळ्या कारणाने, चुनखडीच्या जमिनीत चुन्याशी आणि कोकणच्या जांभ्यात लोह-अ‍ॅल्युमिनियमशी बांधलं जाऊन. जांभ्याची धरण्याची ताकदही काळ्या मातीच्या मानाने फारच थोडी, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात पालाश एकदम न घालता विभागून घालणं शहाणपणाचं. लीबिगची भीती सरसकट चुकीची होती असंही म्हणता येत नाही; वाळूसारख्या हलक्या जमिनीत ती बरीचशी खरी आहे.

राहिला प्रश्न ‘नाकारली’चा. १८५७ मध्ये बव्हेरियात हॉयफेल्ड इथे सुपरफॉस्फेट बनवणारी कंपनी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत लीबिग होता. ज्या १८६२ च्या आवृत्तीत पापाचं वाक्य आहे, तीच आवृत्ती पानोपानी सांगते की पिकाने उचललेली खनिजं जमिनीला परत केलीच पाहिजेत. कबुलीनंतर तो आणखी अकरा वर्षं जगला. खनिज खतं घालणं सोडा, असं त्याने त्या काळात सांगितलं नाही. त्याने सोडलं ते विरघळू न देण्याचं खूळ. म्हणजे कबुलीचा व्यावहारिक अर्थ ‘खत घालू नका’ असा नसून ‘खत बेधडक विरघळणारं घाला, माती सांभाळते’ असा होतो. आजच्या ढकलपत्राच्या नेमका उलट.

दावा: ही कबुली ज्ञानकोशांतून गाळली

पुस्तक छापील आहे, जर्मन ग्रंथालयांत आहे, स्कॅन करून जालावरही आहे. लपवलेलं काही नाही. गाळलेली आहेत ती फक्त त्या वाक्यामागची वाक्यं, आणि ती गाळणारे ज्ञानकोशवाले नव्हेत.

दावा: लीबिग शेणखताचा शत्रू होता

पापाच्या वाक्यासारखाच या दाव्यातही तथ्याचा अंश आहे, पण तोही वाकडा मांडला आहे.

त्या काळी आल्ब्रेख्ट टेअर याच्या परंपरेतले शेतीतज्ज्ञ मानत की वनस्पतीचं मुख्य अन्न म्हणजे ह्यूमस, तिचा कार्बन जमिनीतल्या कुजलेल्या पदार्थातून येतो. लीबिगने हे मोडीत काढलं. त्याचा मुद्दा सोपा होता: जंगलातून दरवर्षी लाकूड निघतं, त्यातला कार्बन ह्यूमसमधून आला असता तर ह्यूमस संपत गेलं असतं, प्रत्यक्षात ते वाढतं. कार्बन हवेतून येतो. हे बरोबर होतं. पण या भरात त्याने शेणखताला खनिजांची आणि अमोनियाची पिशवी समजलं. पोत, पाणी धरण्याची ताकद, मातीतले जीव या सगळ्याकडे त्याचं लक्ष फार कमी गेलं. सूक्ष्मजीवांबद्दल तर तो हटवादीच होता. किण्वन ही सजीवांची करणी आहे हे पाश्चरचं म्हणणं त्याने सहजी मानलं नाही. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात हे हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी १८८६ मध्ये दाखवलं, तोवर तो हयात नव्हता.

त्याच्या खनिज-सिद्धांताची परीक्षा रॉथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात झाली. १८४३ च्या शरदात गहू पेरला. १८४४ ला विनाखताच्या तुकड्यात एकरी सुमारे १६ बुशेल आले, म्हणजे आपल्या भाषेत साधारण सव्वाचार ते साडेचार क्विंटल. १४ टन शेणखत घातलेल्या तुकड्यात २२ बुशेल, सुमारे सहा क्विंटल. आता खरा पेच: दुसऱ्या १४ टन शेणखताची जाळून राख केली आणि तीच तेवढी घातली, तर पुन्हा १६! शेणखतातली सगळी खनिजं जशीच्या तशी होती. गेलं होतं ते नत्र आणि सेंद्रिय पदार्थ. खनिजांना अमोनियम सल्फेटची थोडी जोड दिल्यावर मात्र उत्पन्न २१ च्या पुढे गेलं. लीबिगला हे शेवटपर्यंत जड गेलं. गोवऱ्या थापून जाळायच्या आणि राख शेतात टाकून ‘शेणखत घातलं’ म्हणायचं, यात काय हरवतं ते १८४४ मध्येच मोजून झालं होतं.

पण ‘शत्रू’? १८५० नंतरचा लीबिग वाचला तर शब्द उलटा पडतो. इंग्लंडच्या ‘प्रगत’ शेतीला तो लुटारू शेती म्हणतो. धान्य आणि मांस शहरात जातं, शहराचं मलमूत्र नदीत जातं आणि जमीन रिकामी होते, हा त्याचा आरोप. लंडनचं सांडपाणी थेम्समध्ये न सोडता शेतात न्यावं म्हणून त्याने लेखणी झिजवली. चीन-जपानमध्ये मैला जपून शेतात परत जातो, याचं त्याने मनापासून कौतुक केलं. कार्ल मार्क्सने १८६७ मध्ये आधुनिक शेतीची विध्वंसक बाजू उघड केल्याचं श्रेय त्याला दिलं, ते याच लेखनासाठी.

आपल्याकडेही हाच धागा येतो. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडमधला कृषी-रसायनतज्ज्ञ १८८९ मध्ये सरकारच्या वतीने हिंदुस्थानात आला. त्याचा अहवाल १८९३ चा. शेण गोवऱ्यांत जळतं, तेलबिया आणि हाडं बोटीने परदेशी जातात, म्हणजे जमिनीची द्रव्यंच बाहेर जातात, हे त्याने मांडलं. कुणब्याला शेती येत नाही, हा साहेबी समजही त्याने खोडून काढला.

लीबिगवरची गंभीर टीका हवी असेल तर ती आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाची आहे. होळकरांच्या इंदूरमध्ये कंपोस्टची रीत बसवणाऱ्या हॉवर्ड यांनी १९४० मध्ये लिहिलं की लीबिगच्या परंपरेने ह्यूमसकडे आणि मुळांवरच्या बुरशीकडे दुर्लक्ष केलं आणि शेतीशास्त्र एनपीकेच्या चाकोरीत अडकलं. ही टीका पुष्कळ अंशी खरी आहे. ती करायला कात्री लावलेल्या कबुलीची गरज हॉवर्ड यांना पडली नव्हती.

दावा: म्हणून मातीत सगळं आहे, बाहेरून काही नको

लीबिगच्या तोंडी हे घालणं म्हणजे कहरच आहे. ‘उचललंत ते परत करा’ हे ज्याचं उभ्या आयुष्याचं म्हणणं, त्याच्या नावावर ‘काही परत करू नका’!

हिशेब करून पाहू. ज्वारीचं एकरी १० क्विंटल धान्य धरा. दाण्यात साधारण १० टक्के प्रथिनं, म्हणजे सुमारे १.६ टक्के नत्र: १६ किलो. स्फुरद आणि पालाश (मूलद्रव्य म्हणून) प्रत्येकी तीनेक किलो. हे फक्त दाण्यातलं. कडबा विकलात तर पालाशाचा मोठा वाटा त्याच्याबरोबर जातो, कारण तृणधान्यात बहुतेक पालाश ताटात असतो. दोन टन कडब्यात सव्वा टक्का धरला तरी २५ किलो.

दुसरीकडे ‘बाहेरून काही नको’ म्हणणारे खताऐवजी शेतात सोडतात ते २०० लिटर जीवामृत. त्यात १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर माती. शेणातून ३० ग्रॅमच्या आसपास नत्र, गोमूत्रातून फार तर १०० ग्रॅम, बेसनातून ७० ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोही नाही. दर पंधरवड्याला एक याप्रमाणे हंगामात आठ वेळा सोडलं तरी दोन किलोच्या आत. शेणखत टनाला सुमारे ५ किलो नत्र देतं, ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो असतं.

‘जीवामृत हे खत नाही, विरजण आहे’ असं उत्तर मिळतं. नत्रापुरतं ते ऐकून घेता येईल: द्विदल पीक फेरपालटात असेल तर जिवाणू हवेतून नत्र बांधतात, हे मोजलेलं सत्य आहे. पण स्फुरद आणि पालाश हवेत नाहीत. जिवाणू मातीच्या कणांत अडकलेला साठा मोकळा करू शकतात, नवा निर्माण करू शकत नाहीत. मोकळा केलेला साठा धान्यातून आणि कडब्यातून बांधाबाहेर गेला की तेवढा साठा कमी झाला. मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या मातीत पालाशाचा साठा मुळात भरपूर असल्याने काही न घालताही वर्षानुवर्षं फरक दिसत नाही. लीबिग याच टप्प्याला लूट म्हणतो, कारण पीक चांगलं येत असतं आणि कोणाला शंका येत नाही.

युरियावाल्यांनीही यात आनंद मानू नये. नुसतं नत्र ओतून पीक उभं केलं की पीक स्फुरद, पालाश, गंधक, जस्त जास्त वेगाने उपसतं; लीबिगच्या मते ती आणखी जलद लूट. त्यातून सामू (पीएच) ८ च्या चुनखडीच्या जमिनीवर युरिया वरून फेकून तसाच ठेवला तर बराच भाग अमोनिया होऊन उडतो. मातीची धरण्याची ताकद तिथे कामाला येत नाही, कारण तो मातीत शिरलेलाच नसतो. मातीआड करा किंवा लगेच पाणी द्या.

आपल्या रानात नेमकं काय कमी आहे, हे ढकलपत्राला किंवा दुकानदाराला विचारण्यापेक्षा वजाबाकीचे पट्टे टाकून पाहता येतं. एकेक गुंठ्याचे पाच पट्टे घ्या: पूर्ण खत, नत्राविना, स्फुरदाविना, पालाशाविना आणि काहीच नाही. खरीप ज्वारीला हेक्टरी ८०:४०:४० (नत्र, स्फुरद, पालाश किलोत, पोत्यावरच्या हिशेबाने) धरलं तर गुंठ्याला युरिया पावणेदोन किलो (निम्मा पेरताना, निम्मा महिन्याने), सिंगल सुपर फॉस्फेट अडीच किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ६७० ग्रॅम. इथे डीएपी किंवा १०:२६:२६ अशी मिश्र खतं चालत नाहीत, कारण नत्राविना पट्ट्यात नकळत नत्र जातं. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतं. म्हणून स्फुरदाविना पट्ट्यात दोन किलो जिप्सम टाका, नाहीतर गंधकाची उणीव स्फुरदाच्या नावावर खपेल. पट्टे उताराच्या दिशेने लांब आखा, म्हणजे वाहतं पाणी एकाचं खत दुसऱ्यात नेणार नाही. कापणीला दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी सोडून मधल्याच मोजा. दाणे आणि कडबा वेगवेगळे तोला. पुढच्या वर्षी तेच पट्टे त्याच जागी ठेवा, खुंट्या उपटू देऊ नका. भारी काळ्या जमिनीत पालाशाविना पट्टा पहिल्या वर्षी पूर्ण खताच्या बरोबरीने आला तर त्याचा अर्थ पालाश लागत नाही असा नव्हे, अजून शिल्लक आहे एवढाच. तो पट्टा पाच-सात हंगाम तरी पाहावा लागतो.